सिस्टरबाय आणि कोकमाखालचा माणूस

आमच्या वाडीत फिट येऊन पडण्यात माझा हात धरील असा कोणी नाही. वाडीत फिट येणारा मी एकटाच, त्यामुळे पहिला नंबर काही न करता मिळालाय. आणि हे आज चारचौघांत तोंड वर करून सांगतो ते सिस्टरबायमुळे. त्याआधी दोन वर्षं मी हे असं लपवलं होतं, जसं कोणी दुसरी बायको लपवील.

सिस्टरबाय म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. आमच्यापासून तिसरं घर तिचं, दारात क्रूस. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. वाटेत भेटली की बरा आहेस का वगैरे नाही, थेट "जीभ दाखव." आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, एवढा मिशीवाला माणूस. त्याच्या आवाजाला दर्या घाबरतो असं तो स्वतःच सांगतो. तोसुद्धा भर किनाऱ्यावर, बांगड्यांच्या टोपलीशेजारी, जीभ काढून उभा राहायचा. "तंबाखू सोड मेल्या," म्हणायची, टोपलीतले दोन बांगडे उचलायची आणि चालायला लागायची.

तिची आणखी एक खूण होती. एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलायची, शिव्या धरून. पण आजार खरोखर मोठा असला की तिच्या तोंडून दवाखान्यातली शुद्ध मराठी यायची. "मेल्या, मरतलंस" म्हणाली तर माणूस हमखास जगणार. "आपण बसून घ्या" म्हणाली, की घरची माणसं रडायला लागायची.

तर मला फिट यायची. तोवर घरातच आली होती, पण तांडेलाला कळलं असतं तर त्यानं मला होडीत पाय ठेवू दिला नसता. जाळं ओढताना पाण्यात गेलो तर माझ्यामागे उडी कोण मारणार? त्याचं बरोबरच होतं, म्हणूनच तर त्याला सांगितलं नाही. शेवटी गुपचूप कुडाळच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. डॉक्टर भला माणूस. दोनदा बजावलंन, अंगावर पुरळ आलं, ताप आला, तर असशील तसा माझ्याकडे ये. मी दोन्ही वेळा मान हलवली. माझं सगळं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या मालवणच्या एसटीकडे होतं. एसटी मिळाली, डॉक्टरचं बोलणं कुडाळातच राहिलं.

गोळ्या ठेवल्या सोड्यांच्या डब्यात. सुक्या कोलंबीत मांजराशिवाय कोणी नाक घालत नाही. बायकोला शपथ घातली. होडीवर कोणी गोळी घेताना बघितलं तर सांगायचो, व्हिटामिन. तांडेलानं एकदा एक मागितली. म्हटलं, "तुका कशाक रे, तू आधीच बैल." तो दिवसभर खूश होता.

तिसऱ्या आठवड्यात अंगावर लाल चट्टे उठले. आमच्याकडे अंगावर लाल काही दिसलं की ते पित्त, आणि पित्तावर आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. बायकोनं तो छातीला चोळला, पाठीला चोळला. चट्टे वाढले तसा आगळ वाढवला. ताप चढला, गिळताना घसा दुखायला लागला, डोळे चुरचुरायला लागले. मी म्हटलं, डोळ्यांत आगळ गेला असेल. गोळी मात्र एकही चुकवली नाही. जन्मात शाळा चुकवली, उपास चुकवले, ही एकच गोष्ट नेमानं केली आणि तीच मला मारत होती.

चौथ्या दिवशी तांडेल दारात आला, होडीवर कधी येतोस विचारायला. त्याच्यामागून सिस्टरबाय. मी पंचा नेसून खाटेवर, मानेपासून पावलांपर्यंत लालेलाल.

"ह्या काय गो?" ती माझ्या बायकोला म्हणाली. "घोवाक सोलकढीत बुडवलंस काय?"

"पित्त झाला हा, बाय."

"पित्त खंय आणि कोकम खंय, ता माका दिसाक नको? धू त्येका आधी. कोकमाखाली माणूस खंय आसा तो बघूया."

बायकोनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. आगळ गेला, लाली गेली नाही. पाठीवर फडकं फिरलं आणि उचललं तर त्याला कातडी चिकटून आली. बायकोचा हात तिथेच थांबला.

"जीभ दाखव," सिस्टरबाय म्हणाली. दाखवली. तोंडात सगळे फोड.

"गोळी कसली घेतंस?"

"व्हिटामिन," मी म्हटलं. कातडी सुटत आली होती, पण तांडेल दारात उभा होता ना!

"हाड गो त्येचा व्हिटामिन," बायनं बायकोला ते आणायला फर्मावलं.

बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं. "ह्येंनी माका शपथ घातली हा, बाय," ती म्हणाली, आणि उठून सोड्यांचा डबा सगळ्यांसमोर उपडा केला. सोडे आणि गोळ्या एकदमच जमिनीवर आल्या.

बायनं चष्मा लावला, पाकिटावरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ही फिटची गोळी आपण किती दिवस घेताय?"

आपण! मी सगळं खरं सांगून टाकलं.

"वीस दिस झाले. फिट येता ती दोन वर्सां."

"याची पुढची गोळी घ्यायची नाही. या गोळीनंच हे झालेलं दिसतंय. पण गोळी सुटली की फिट येऊ शकते, म्हणून घरातही थांबायचं नाही. आपल्याला आत्ता, या क्षणी दवाखान्यात निघायचं आहे."

बायको रडायला लागली. शुद्ध मराठी तिलाही समजत होती.

"फिट?" तांडेल ओरडला. "दोन वर्सां माझ्या होडयेत फिट घेवन बसलंस तू?"

"झगडा मागीर. आधी त्येका उचल. चादरीत घे, खरडू नको," बाय म्हणाली. त्यानं मला लहान पोरासारखं उचलून रिक्षात ठेवलं, आणि वाटभर माझ्या सगळ्या पूर्वजांची आठवण काढली.

मालवणातून मला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. भाजलेल्या माणसासारखं ठेवलं होतं. अंगाची साल निघत होती आणि मी उकडलेल्या बटाट्यासारखा पडून. बाय एसटीनं यायची, माझ्यासाठी पेज घेऊन, आणि मी आळशी आहे हे नर्सांना सांगून जायची. डॉक्टर तिला म्हणाले, अजून दोन दिवस आगळ चोळत बसले असते तर माणूस हाती लागला नसता. मग त्यांनी माझी गोळी बदलली.

घरी आलो आणि बायनं नवीन छळ सुरू केला. मला वाचता येत नाही, म्हणून त्या जुन्या औषधाचं नाव तिनं माझ्याकडून पाठ करून घेतलं. पुन्हा कुठल्या डॉक्टरनं चुकून दिलं तर? मग "जीभ दाखव" सुटलं आणि "नाव सांग" लागलं. मासळीबाजारात सुरमईच्या ढिगापलीकडून ओरडायची, "नाव सांग!" आणि मी ओरडायचो, "कार्बामाझेपिन!" मुंबईहून आलेली माणसं वळून बघायची. "पोरांची नावां इसारलंस तरी चलात," ती म्हणायची, "ह्या इसारलंस तर मेलंस." तांडेलानं मला होडीत परत घेतलं नाही. किनाऱ्यावर बसवून जाळी सांधायला लावली. आता फिट आली तर जाळ्यातच पडतो, समुद्राला तसदी नाही.

गेल्या वर्षी बाय गेली. रविवारी चर्चला जायला तयार होऊन खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.

त्या दुखण्यानं माझे डोळे कोरडे करून ठेवलेत. कितीही भरून आलं तरी पाणी येत नाही, बाटलीतले थेंब घालावे लागतात. चर्चमध्ये तिच्या पेटीशी सगळी वाडी रडत होती आणि मी सुक्या बोंबलासारखा उभा. म्हटलं, लोकांना वाटेल ह्या मेल्याला काहीच नाही. खांबाआड गेलो, अर्धी बाटली डोळ्यांत रिकामी केली आणि गालावरचं न पुसता परत येऊन उभा राहिलो. मागून एक बाई म्हणाली, "बघ गो, कसो रडता तो." मला फार बरं वाटलं.

शेजारी तांडेल होता. त्याची मिशी खरोखरची भिजलेली. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "पूस ता. बायनं थेंब डोळ्यांत घालूक सांगलेल्यान, गालार नाय."