मावशीने पसंत केलेली होडी

"पुन्यांदा सांगा, मला कळालं नाय," असं मावशी कुणालाही म्हणायची. तलाठ्याला, डॉक्टरला, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही. म्हणताना डावा कान जरा पुढे करायची. ऐकू तर तिला चांगलंच यायचं. मग हा भोळेपणा की कावा? मला कधीच ठरवता आलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. तुमचं तरी ठरलं का?

पेठच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं आरोग्य उपकेंद्र. मी तिथे नर्स होते. पाण्यापलीकडे तीन पाडे, आणि तिकडे जायला एक जुनी लाकडी होडी. ती होडी चालवायची मावशी; सगळे तिला मावशीच म्हणायचे. साठीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. लसींचा डबा मांडीवर घेऊन मी तिच्यासमोर बसायची.

होडीचा तळ कुजला तेव्हा ग्रामपंचायतीने इंजिनाची फायबरची होडी घ्यायचं ठरवलं. सरपंच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आणि मावशीला पाण्यातलं कळतं. दोघी जा आणि पसंत करून या."

मला होडीतलं काही कळत नव्हतं. म्हणून आधीचे चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक म्हणे जाड होडी चांगली, दुसरा म्हणे जाडी फसवी असते. चौथ्या दिवशी माझं डोकं पार गरगरलं.

नाशिकच्या शोरूममधली होडी आरशासारखी चकाकत होती. मावशीने वरून बघितलंच नाही. वाकून तिने बैठकीखाली हात घातला आणि आतून चाचपत राहिली.

"ही फुटली तर येणार कोन?" तिने विचारलं.

"मावशी, पाच वर्षांची गॅरंटी आहे," शोरूमवाला म्हणाला.

"पुन्यांदा सांगा, मला कळालं नाय."

"म्हणजे तळाची गॅरंटी आहे. इंजिनाची वेगळी."

"पुन्यांदा सांगा."

"गॅरंटी कंपनी देते हो. तुम्ही फोन लावायचा, तक्रार नोंदवायची, मग ते माणूस पाठवतात."

तिसऱ्या सांगण्यापर्यंत गॅरंटी कुठल्या कुठे गेली होती. पण होडी मात्र खरंच देखणी होती. माझा जीव तिच्यातच अडकला.

सिन्नरला कारखान्यांच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती. तिथला मालक स्वतःच होड्या बनवायचा आणि विकायचा. त्याची होडी वरून खडबडीत. मावशीने ती पालथी करायला लावली, मग सुलटी करून दोन बाकांवर ठेवायला लावली आणि म्हणाली, "आता आत पानी भरा."

"आत?" तो हसला.

"भाईरचं पानी आत येतं, तसं आतलं भाईर येईल ना?"

त्याने नळी सोडली. आम्ही तासभर खाली वाकून बघत होतो. एक थेंब आला नाही. मग तोच प्रश्न: फुटली तर येणार कोण?

"मी येईन. दोन दिवस लागतील."

तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो तेवढंच बोलला. आम्ही ती होडी घेतली.

दिवाळीनंतरची गोष्ट. पलीकडच्या पाड्यावरच्या एका बाईला भर दुपारी कळा सुरू झाल्या. आम्ही तिला घेऊन निघालो. अर्ध्या पाण्यात आल्यावर माझी चप्पल तरंगायला लागली. मागून, इंजिनाच्या फळीपाशी, होडीत पाणी येत होतं.

मावशीने इंजिन बंद केलं आणि वल्हं उचललं. "पोरी, पुढं सरक. अजून पुढं," ती त्या बाईला म्हणाली. मग मला, "बाई, उपसा!"

मी लसींच्या डब्याच्या झाकणाने पाणी उपसत राहिले. पुढे वजन गेलं तशी होडीची मागची बाजू उचलली गेली आणि पाणी कमी झालं. उपकेंद्रात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली.

सरपंच भडकले. "मोठ्या दुकानातली घेतली असती तर झालं असतं का हे?" मावशी खाली मान घालून उभी राहिली. त्या दिवशी तिने पुन्हा सांगायला सांगितलं नाही.

मी सिन्नरला फोन केला. तो माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकलवरून आला. चिखलात बसून त्याने इंजिनाची फळी सोडवली. आम्ही पाणी भरून बघितल्यानंतर इंजिन बसवताना पाडलेली बोल्टची भोकं त्याच्याकडून आतून बुजवायचीच राहिली होती. "चूक माझी आहे," तो म्हणाला. रात्री मावशीकडे नागलीची भाकर खाऊन मुक्काम केला, आणि काम पुरं करून सकाळी गेला.

आता मला सांगा, आमची निवड बरोबर होती की चूक? होडी त्यानेच कच्ची बनवली, आणि बोलल्याप्रमाणे आलाही तोच. दुसरी होडी कदाचित कधी गळलीच नसती. गळली असती तर कदाचित कुणी आलंच नसतं.

मी मावशीला विचारलं, "तुम्ही हीच का पसंत केली?"

"ती लय चकचकीत हुती. तिच्यात चिखलाचे पाय ठिवायची लाज वाटली असती."

सरपंचांना तिने सांगितलं की शेडवाल्याने आल्या आल्या पाणी विचारलं, म्हणून. आणि आमच्या डॉक्टरांना म्हणाली, "शिस्टरबाईला आवडली ना ती!" मला तर दुसरीच आवडली होती.

पुढे माझी बदली नामपूरला झाली. दोन वर्षांनी एका सकाळी पाड्यावरून फोन आला: मावशी गेली. मी मिळेल त्या गाडीने निघाले. ती अलीकडच्या काठावर, भावाच्या घरी वारली होती, आणि तिला पलीकडे, तिच्या पाड्यावर न्यायचं होतं.

तिला त्याच होडीत आडवं ठेवलं. मी तिच्या पायांशी बसले. इतकी वर्षं तिच्यासमोर बसले, पण तिचे पाय इतके लहान आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं.