मेडलची मागची बाजू

रविवारी माझी सत्तरी झाली... सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, वीस पाहुणे आणि एक अतिगोड केक. औक्षण झालं आणि माझ्या मुलाने, मंदारने, नातीची भेट माझ्या हातात ठेवली.

बारा वर्षांच्या ईराने शाळेत मातीचं मेडल केलं होतं, रेनेसाँच्या काळात इटलीत करायचे तसं. तांब्याचा रंग, त्यावर बाजूने माझा चेहरा... हनुवट्या दोन. मंदारने ते फ्रेममध्ये पक्कं चिकटवून आणलं होतं. सगळे कौतुक करत होते, आणि जिने केलं ती सोफ्यावर डोळे पुसत होती.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर स्वतःच्या गळ्यात मेरीचं मेडल घालायच्या, दोन्ही बाजूंनी कोरलेलं. मेडलला मागची बाजू असते, हे मला पाचवीपासून ठाऊक आहे.

"मागे काय आहे रे?"

"काही नाही गं आई. आज शुभ दिवस आहे, नंतर बघू."

सत्तर वर्षांच्या बाईला 'नंतर बघू' म्हणायचं... मी किचनमधून सुरी आणली आणि सगळ्यांसमोर फ्रेम उचकटली.

मागे कवटी होती... कवटीवर माझा चष्मा. शेजारी वाळूचं घड्याळ, आणि कवटीवर डोकं टेकून झोपलेलं एक बाळ.

कुणीतरी हळूच "शिव शिव" म्हणालं. ईराने सांगितलं की त्या काळी लोक मुद्दाम असं मेडल करून घेत. पुढे आपला रुबाबदार चेहरा, मागे कवटी... आपण मरणार आहोत याचा विसर पडू नये म्हणून.

"आणि हे बाळ कोण?"

"दॅट्स मी, ला," ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "मी तुझ्यावरच झोपायचे ना, आजी."

खरं आहे. दीड वर्षाची होईपर्यंत ही पोरगी माझ्या खांद्याशिवाय झोपली नाही... तो खांदा अजून दुखतो.

मंदारला मी तिथेच सुनावलं, "आपण मरणार, हे तुझ्या आईला केव्हाचं माहीत आहे. तुला आज कळलं, त्याला मी काय करू?" सगळ्यात आधी तोच हसला... मग ईरा.

मेडल आता टीव्हीशेजारी आहे, कवटी बाहेरच्या बाजूला. निदान तिला हनुवट्या तरी नाहीत.

आणि आजीची कवटी झाली तरी तिच्यावर निवांत झोपता येतं, असं ज्या पोरीला वाटतं, ती माझी नात आहे... सत्तरीत आणखी काय मागायचं.