नखाखालचं रबर

डोळा लागतोय की नाही तेच मला कळत नाही. चौदा महिने झाले, हे असंच चाललंय. रात्री अंथरुणात टक्क जागा, आणि दिवसा कुठंही, बँकेच्या रांगेत म्हणा, न्हाव्याच्या खुर्चीत म्हणा, मान पडते. आत्ता मुजावरच्या टायरच्या दुकानात बाकावर बसलोय. शुक्रवारची दुपार. मुजावर नमाजला गेलाय. जाताना अर्धं शटर ओढून म्हणाला, "सर, पाऊण तासात आलोच. तोवर तेवढं ठरवून ठेवा."

ठरवायचेत टायर. समोर लाल हॅचबॅक जॅकवर उभी आहे. गाडी माझी नाही, वैजूची. वैजयंता सरनोबत, माझी बायको. एकाच शाळेत आम्ही दोघं, मी गणिताला, ती पी.टी.ला. पन्नाशीला टेकल्यावर बाईसाहेबांनी ही पळणारी गाडी घेतली. म्हटलं, अगं, देवदर्शनाला बरी पडेल अशी एखादी घे. तर म्हणाली, "देव कुठं पळून चाललाय? आपण पळून घेऊ." चार वर्षं पळवली. मग आजारी पडली, आणि गेली.

तेव्हापासून गाडी दारात. मी रोज सकाळी पुसतो. रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. आता आमची लेक नेत्रा म्हणते, गाडी मला द्या, पुण्याला नेते. तीन आठवडे मी तिला थापा मारतोय, की या मापाचे टायर मिळत नाहीत, मागवलेत. खरं सांगायचं तर मला गाडी द्यायची नाहीये. आईसारखीच सुसाट चालवते पोरगी. आणि गाडी गेली तर रोज सकाळी पुसायचं काय, हाही प्रश्न आहेच.

आज शेवटी गाडी इथवर आणली. तीन किलोमीटर, आणि सगळ्या वाटेत धप, धप, धप. मुजावरनं चाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "सर, एकाच जागी उभी हुती काय?"

"रोज पुसतो की."

"पुसता. हलवत न्हाई." म्हणे उभ्या गाडीचं वजन एकाच जागी बसून टायर तेवढ्या भागात चपटा होतो. महिन्यातून चार हात जरी पुढं-मागं घेतली असती तरी भागलं असतं. छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, आणि एवढं साधं मला सुचलं नाही.

मांडीवर माझा कागद आहे. तीन प्रकारच्या टायरांचा तक्ता केलाय. माप बघा यांचं: एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, सोळा. पहिला आकडा मिलिमीटर, दुसरा टक्के, तिसरा इंच! माझ्या वर्गात असं कुणी लिहिलं असतं तर वही खिडकीतून भिरकावली असती. पहिला टायर पळणाऱ्यांचा, मऊ, लवकर झिजणारा. दुसरा मधला. तिसरा कडक, साठ हजार किलोमीटर चालणारा. तिसऱ्याला मी दोनदा गोल केलाय. वर पंखा फिरतोय, त्याचं एक पातं वाकडं आहे. धप, धप. बाकाशेजारी नव्या टायरांची थप्पी आहे, तिला मी डोकं टेकतो. रबराचा वास येतो.

"सरका जरा."

मी सरकतो. सवयच ती. वैजू शेजारी बसते. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि औषधांनी गेलेले केस सगळे परत आलेत, जाड वेणी. मला आनंद व्हायला हवा. पण आधी येतो राग.

"चौदा महिने," मी म्हणतो. "चौदा महिने एकदाही आली नाहीस. शेजारच्या कुलकर्णीणबाईंच्या स्वप्नात जाऊन आलीस म्हणे."

"त्यांना झोप लागते," ती म्हणते. "तुम्ही झोपताय कधी? दार उघडं असल्याशिवाय माणूस येणार कुठून?"

ती माझा कागद ओढून घेते. वाचताना ओठ हलवते, शाळेचं मस्टर वाचायची तसं.

"रुंदी आहे, उंची आहे, वेग आहे, वॉरंटी आहे," ती म्हणते. "यात नेत्रा कुठंय?"

"म्हणजे?"

ती उठते, आणि दुकानाची मागची भिंत नाहीये. आम्ही शाळेच्या मैदानावर आहोत. फक्कीच्या रेघा मारल्यात, जुने टायर आडवे मांडलेत, पोरी त्यांतून पाय टाकत पळताहेत. सगळ्यांत पुढं नेत्रा, नऊ वर्षांची, गुडघा फुटलेला. वैजू शिट्टी वाजवते. सगळ्या थांबतात. नेत्रा थांबत नाही.

"बघा. हिला हळू पळ म्हणून कोण सांगणार?" वैजू म्हणते. "तुम्ही?"

"मी कडक टायर घालणार आहे. कडक टायर घातले की गाडी पळत नाही."

ती हसते. मैदानभर हसते. "अहो सरनोबत, टायरनं गाडी पळते होय? पळवणारी पळवतेच. टायर कडक असला की ती फक्त थांबत नाही."

मला हे ऐकायचं नाहीये. मी चालायला लागतो. दवाखान्याचा लांब, पांढरा व्हरांडा लागतो, औषधांचा वास, आणि मी स्ट्रेचर ढकलतोय. स्ट्रेचरचं एक चाक चपटं आहे. धप, धप, धप. हा आवाज मला पाठ आहे. शेवटच्या वेळी तिला आत नेलं तेव्हा दारापर्यंत हाच आवाज होता, आणि पुढं मला जाऊ दिलं नाही. मी स्ट्रेचरकडे बघायचं टाळतो.

"मला कंटाळा आलाय गं," मी म्हणतो. "खरंच थकलोय. सकाळी उठायचं, चहा एकट्यानं प्यायचा, गाडी पुसायची, मग अख्खा दिवस उरतोच."

"बसा मग," ती म्हणते. आम्ही बसतो, आणि बसलोय ते गाडीत. ती चालवतेय, मी शेजारी. गगनबावड्याचा घाट. रस्ता ओला आहे, धुकं काचेला चिकटलंय. ती एका हातानं चालवतेय. मला हे कधीच आवडलं नाही.

"गाडी मी ठेवून घेतली तर?" मी विचारतो. "टायर मिळतच नाहीत म्हणून सांगेन."

"तीन आठवडे तेच सांगताय."

"तुला कसं कळलं?"

"मेलेय, बावळट नाही झाले."

मग जे कुणाला बोललो नाही ते बोलतो. "गाडी गेली की घरात तुझं काय राहतं, वैजू? साड्या तुझ्या बहिणीनं नेल्या. शिट्टी नेत्राकडे. या सीटला तुझ्या पाठीचा आकार आहे अजून. चालवतानासुद्धा मी तिला पाठ टेकवत नाही, बाजूनं पुसतो."

वळणावर एक म्हैस उभी आहे, रस्त्याच्या अगदी मधोमध.

"ब्रेक मार," मी म्हणतो.

गाडी थांबत नाही. चाकं थांबलीत, गाडी नुसती घसरत चाललीय, आवाज नाही की काही नाही. मी तिच्याकडे बघतो. स्टिअरिंगवर वैजू नाही. नेत्रा आहे. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलंय आणि माझ्याकडे बघतेय, लहानपणी बघायची तशी, म्हणजे बाबा काहीतरी करतील म्हणून. "बाबा, थांबत नाहीये!" आणि मी काय करणार? मी साठ हजार किलोमीटरची वॉरंटी घेऊन बसलोय.

"वैजू!" मी ओरडतो.

"ओरडू नका. हात द्या इकडं."

गरम वाफ, काळी जमीन. हे तिच्या वडिलांचं, दादांचं, गडहिंग्लजचं दुकान. जुन्या टायरांवर नवं रबर चढवायचे ते. वैजू इथंच लहानाची मोठी झाली. म्हैस नाही, घाट नाही. समोर तीन टायर उभे आहेत, माझ्या कागदावरचेच तीन.

तिनं माझा उजवा अंगठा धरलाय. तिच्या स्वतःच्या अंगठ्याचं नख काळं आहे. ते कायमच काळं असायचं. रस्त्यात उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीच्या टायरात ही नख रुतवून बघायची, वडिलांची सवय. मी अठ्ठावीस वर्षं जेवायला बसताना सांगायचो, आधी हात धू. आणि ती अठ्ठावीस वर्षं म्हणायची, रबर आहे, विष नाही.

"दादा म्हणायचे, टायर वाचायचा नसतो," ती म्हणते. "दाबा."

तिसऱ्यात माझं नख शिरतच नाही. घसरतं. पहिल्यात लोण्यात शिरावं तसं शिरतं. "हा माझ्यासाठी होता," ती म्हणते, "पण सहा महिन्यांत झिजतो. पोरीला रोज हायवेला जायचंय." मधल्यावर ती माझा अंगठा जोरात दाबते. नख आधी अडतं, मग रुततं. खाच पडते, आणि हळूहळू भरून येते. या टायरावर पाण्याला वाट द्यायला खोल चर आहेत, ती त्यांतून माझं बोट फिरवते.

"कळलं?"

"कळलं."

"आता सांगा, पोरगी थांबायला हवी की गाडी दारात?"

मला रडू येतं. तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो, दवाखान्यातसुद्धा नाही. "पोरगी," मी म्हणतो.

"मग झालं तर." ती माझा अंगठा अजून सोडत नाही. "आणि घरात माझं काय राहतं म्हणालात ना? तुम्ही आहात की. तुम्हीही सरका जरा चार हात पुढं-मागं. एका जागी बसून चपटे झालायत."

"परत येशील?"

"झोपत जा," ती म्हणते. दाबतेय अजून, नख दुखायला लागलंय, मी म्हणतो सोड, आणि म्हणतो सोडू नकोस, आणि कुठंतरी पत्रा खडखडतो.

शटर वर जातंय. उजेड डोळ्यांत घुसतो. मुजावर टोपी घडी करून खिशात घालतोय. पंखा धपधपतोय. माझा गाल थप्पीला टेकल्यानं त्यावर टायरची नक्षी उठली असावी, कारण मुजावर बघून हसू दाबतोय.

"झोप लागली काय सर? चांगलंय. ठरलं?"

"मधले," मी म्हणतो. "चारही."

"कडकवाले म्हणत हुता न्हवं?"

"मधले घाल म्हटलं ना."

तो चाकं सोडवायला लागतो. मी फोन काढतो. नेत्रा ऑफिसात असेल, तरी लावतो.

"टायर बसवतोय," मी सांगतो. "उद्या ये, गाडी घेऊन जा."

"बाबा, खरंच? मिळाले?"

"मिळत होते आधीपासून. मीच थापा मारत होतो." असं पटकन बोलून जातो. "आणि हे बघ, जाताना मला पण ने. आठवडाभर राहीन म्हणतो. जरा हलायला हवं."

ती हसतेय की रडतेय ते कळत नाही. बहुतेक दोन्ही. फोन ठेवताना माझं लक्ष हाताकडे जातं. उजव्या अंगठ्याचं नख काळंकुट्ट आहे, आतपर्यंत, आणि टोक दुखतंय. शेजारच्या थप्पीत वरून दुसरा टायर त्याच मधल्या प्रकारचा आहे, त्यावर नखाची एक खाच आहे, अजून पुरती भरून न आलेली. झोपेत मीच रुतवलं असणार. दुसरं कोण रुतवणार?

मुजावर बघतो. "अरारा, हात काळं झालं की तुमचं. डबा आणलाय घरनं, या जेवायला. तिकडं नळ हाय, साबण घ्या, धुऊन टाका."

मी त्याच्याशेजारी पोत्यावर बसतो आणि भाकरी मोडतो.

"राहू दे," मी म्हणतो. "रबर आहे, विष नाही."