मुहूर्ताआधीची शिट्टी

माझी बहीण सुनंदा हिचं लग्न मुहूर्ताच्या दीड मिनिट आधी लागलं. त्याला मी बनवत असलेला मोबाइलवरचा गेम कारणीभूत आहे.

अमरावतीच्या घरी बसून मी तेव्हा तालाचा गेम बनवत होतो. ढोलाचा ठोका पडला की खेळणाऱ्यानं स्क्रीनवर बोट मारायचं, एवढंच. ठोका येतोय हे कळावं म्हणून मी एक 'टिंग' ठेवली होती. ती नेमकी ठोक्यावर वाजवली, तर आई दर वेळी हरायची. कान ऐकणार, मग डोक्यात शिरणार, मग बोट हलणार; तोवर ढोल पुढे गेलेला! टिंग जराशी अलीकडे सरकवली, तर आईनं एका दमात वरातीची अख्खी लेव्हल पार केली. (त्या दिवशी वरण करपलं, पण शास्त्रासाठी एवढं चालतं.) तेव्हापासून मी येईल त्याला ऐकवू लागलो, की इशारा नेहमी ठोक्याच्या आधी द्यावा.

कापसानं सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला होता, म्हणून लग्न साधंच ठरलं. मंडप छोटा, बँड सहा जणांचा, तोही बाहेर रस्त्यावर. नवरदेवाचे अकोल्याचे मामा मात्र बजावून गेले होते, की जेवणात उणंअधिक चालेल, मुहूर्त चुकता कामा नये. बाबांनी धास्तीच घेतली. शेवटचं 'सावधान' झालं की बँड वाजणार आणि बँड वाजला की अंतरपाट खाली येणार. पण रस्त्यावरच्या बँडला आतलं ऐकू कसं यावं?

"दिवसभर टिंगटिंग करून राह्यला ना," बाबा मला म्हणाले, "मंग बँडवाल्याले शिट्टी तूच मार."

मी डोकं चालवलं. शिट्टी ऐकून ते चहाचा कप खाली ठेवणार, ट्रम्पेट शोधणार, ओठाला लावणार. एक मंगलाष्टक तरी त्यातच जाणार. म्हणून भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू करताच मी दणकून शिट्टी फुंकली.

बँडमास्तर इस्माईल चाचा तीस वर्षं लग्नं वाजवत आलेले. ट्रम्पेट त्यांच्या ओठावरच होतं! शिट्टी संपायच्या आत बँड दणाणला, अंतरपाट पडला, सुनंदानं हार घातला, अक्षता उडाल्या आणि निम्मे पाहुणे पंगतीत जाऊन बसलेसुद्धा. भटजी एकटेच मंगलाष्टक म्हणत होते.

मामा घड्याळ नाचवत आले. हे लग्न लागलंच नाही, हार काढा म्हणाले. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मामाजी, हार घालून झाला," सुनंदा शांतपणे म्हणाली. "आता मी तो काहाडत नाई. भटजी, तुमी म्हना पुढं."

भटजी पुढे म्हणू लागले, आणि शेवटचं 'सावधान' बरोब्बर मुहूर्तावर आलं. पण अक्षता संपलेल्या! मग पंगतीतल्या लोकांनी पानातली बुंदी उधळली. मामांच्या टोपीवर मूठभर पडली. त्यांनी त्यातली थोडी तोंडात टाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. बाबा तिथेच खुर्चीवर बसून रडले. मलाही रडू आलं, पण माझ्याकडे कोणी बघायला तयार नव्हतं.

पुढे माझं लग्न ठरलं. सासऱ्यांनी काही म्हणता काही मागितलं नाही, फक्त एक अट घातली: नवरदेवाला मुहूर्त कळू देऊ नये. ती आमच्या घरानं इतकी कसोशीनं पाळली, की माझ्या लग्नाची पत्रिका मी लग्नानंतर वाचली.