नुसते हात हलवा

धाराशिवच्या त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं.

मी संतूर वाजवते. लाकडी पेटीवर ताणलेल्या शंभर तारा, त्यांवर हलकेच मारायच्या दोन लाकडी कलमा. मी त्यावर परंड्याकडची भलरी वाजवते, ज्वारीच्या काढणीत बाया म्हणतात ती. आत्यांनी शिकवलेली. त्यांच्या गळ्यातला हेलकावा तारांवर उतरवायला मला दोन हिवाळे लागले.

त्या दिवशी आत्यांना मुद्दाम सोबत नेलं. दुपारी स्टेजमागं बसून मी तारा जुळवत होते, तेवढ्यात संयोजक आले.

"मॅडम, ही टुणटुण बंद करा. तुम्हाला तसंही वाजवायचं नाही."

"म्हणजे?"

"तुमचं मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडं. त्यावर ढोल चढवून घेतलाय. तुम्ही नुसते हात हलवा, मुली मागं नाचतील."

त्यांनी मोबाइलवर ऐकवलं. लय दुपटीनं पळत होती आणि हेलकावा कुठंच नव्हता.

"मला विचारलं का नाही?"

"लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं, मॅडम."

आत्या कोपऱ्यात पानाला चुना लावत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "व्हय, मालकीचं न्हाय. पन म्हननारं मानूस असतंय की. त्याला इचारावं लागतंय."

संयोजकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "बरं, वाजवू नका. पण वाद्य तेवढं स्टेजवर राहू द्या. दिसायला बरं दिसतंय."

मी संतूर पेटीत ठेवून कड्या लावल्या. आम्ही मागच्या दारातून निघालो, तर आत ट्रॅक सुरू झाला. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या मला अजून बोचतात.

आत्या दारात थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अशी लय धरली असती तर बायांनी इळं टाकून घर गाठलं असतं."

मी संयोजकांना रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तो ट्रॅक आता दुसऱ्या समारंभांतही वाजतो, आणि निवेदक दर वेळी सांगतो, "पारंपरिक चाल, रचनाकार अज्ञात." आत्या परंड्याला, मी धाराशिवात, दोघी फोनवर सापडतो. विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.