काकींचं मनगट
अळूची जुडी घरात आली की काकी आधी एक पान फाडायच्या आणि देठाकडचा ओला तुकडा डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, खसाखसा चोळायच्या. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायच्या. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "आधी मला खाजू दे. मग तुमाला."

तुमच्यापैकी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी खाजऱ्या अळूची वडी खाल्ली असेल, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. घशात काटे पेरल्यासारखं होतं आणि वर माणसं हसतात. पावसाळाभर काकींच्या मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा असायचा. मी एकदा मलम आणून दिलं, तर त्यांनी ते परत केलं. मलम लावल्यावर अळू कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या शाळेवर शिक्षक होतो आणि काकींच्या पुतण्याच्या परसातल्या खोलीत राहत होतो. काकींचे यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. दिराच्या पोराला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. गडावरून उतरणाऱ्या मंडळींसाठी या पुतण्यानं पडवीत खानावळ काढली आणि 'घरगुती जेवण' अशी पाटी लावली. जेवण बाकी सगळं कुठंही मिळेल असंच होतं. लोक यायचे ते काकींच्या वड्यांसाठी.

काळ्या देठाचं अळू विहिरीमागच्या वाफ्यातलं. पान उलटं ठेवून लाटण्यानं शिरा मोडायच्या, चिंच-गूळ कालवलेलं चण्याचं पीठ सारवायचं, त्यावर दुसरं पान, तिसरं पान, मग घट्ट गुंडाळून चाळणीत उकडायला. पुण्याची एक मुलगी वही घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आजी, चिंच किती घालायची?"

"हात खाजंल तेवढी."

"म्हणजे किती चमचे?"

"चमचा खाजत न्हाई, बाई."

मुलीनं तेसुद्धा लिहून घेतलं. काकी दिवसभर खूश होत्या. त्या घरात सून, म्हणजे पुतण्याची बायको, हिशेबाने वागायची, पुतण्या तर सदा घाईत. काकींना कुणी काही विचारायचं ते फक्त चुलीपाशी. ती जागा त्यांची होती, आणि त्यांना दुसरी जागा नव्हती.

श्रावणात काकी दोन दिवसांसाठी कामथडीला भावाकडे गेल्या. नेमका त्याच रविवारी गडावर मोठा घोळका आलेला. पुतण्यानं शनिवारीच बाजारातून टेम्पोत घालून अळू आणलं, पोपटी देठाचं, भाजीचं. सुनेनं वड्या केल्या. मी माझ्या दारातून बघत होतो. मनगटावर पान चोळणं सोडाच, तिनं चिंचही हात आखडून घातली.

रविवारी पहिली पंगत निम्मी झाली आणि लोक खाकरायला लागले. कुणी पाणी मागतंय, कुणी दही मागतंय, एकाची जीभ जड झाली तर तो घाबरून रडायलाच लागला. दोघांनी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हातारीनं केल्यात वं वड्या," तो म्हणाला. "आता नदर कमी झालीया तिची. आमी लई सांगतो, पर ऐकत न्हाई." आणि तो माझ्याकडे वळला. "काय गुरुजी, खोटं हाय का?"

मी त्याच पंगतीत बसलो होतो. माझाही घसा खाजत होता. पुतण्या शाळा समितीचा अध्यक्ष, खोली त्याची, समोरचं ताटही त्याचं. हे सगळं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

सोमवारी काकी एसटीने परत आल्या. पुतण्यानं त्यांच्यापासून काही लपवलं नाही. उलट समजूत घातली. "काकी, मानसं शेरातली, त्यास्नी तुमी कोन म्हाईत? एक नाव सांगाया लागतं. फकस्त आता चुलीम्होरं बसू नगा. तुमी दिसला की गिऱ्हाईक बिथारतंय." खोटं त्यानं बोलायचं आणि उठायचं काकींनी, असा तो न्याय होता.

संध्याकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. "गुरुजी, तुमी व्हता ना तवा?"

"होतो. पण गडबडीत नीट ऐकू आलं नाही, काकी."

"आसं व्हय?" त्या म्हणाल्या. "मोबाईलवर समद्यांनी ऐकलंय. आवाज वळखते म्या तुमचा."

मला दार लावून घ्यावंसं वाटलं. त्याच निघून गेल्या.

पुढच्या रविवारपासून खानावळीत कोबीची पानं आली. अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडायचा, सुटतील तशी पानं काढायची, मधली जाड शीर तासायची आणि तेच पीठ भरून गुंडाळायची. सून सुरेख वळायची, खोटं कशाला बोलू? पुतण्या सगळ्यांना सांगत होता, "कोबीला खाज न्हाई. कायबी टेन्शन न्हाई."

काकी उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. त्यांनी वाटेत पडलेलं कोबीचं एक पान उचललं, मनगटावर चोळलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. बराच वेळ बसल्या. मग पान तिथंच ठेवून उठल्या. परत त्यांना स्वयंपाकघरात गेलेलं मी पाहिलं नाही.

गौरी-गणपती झाल्यावर त्या कायमच्या कामथडीला निघाल्या. एक बोचकं आणि आपलं लाटणं, एवढंच सोबत. एसटीकडे जाताना विहिरीमागे वळून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "गुरुजी, हात द्या."

मला वाटलं, निरोप घेताहेत. त्यांनी माझी बाही सारली आणि अळूचा ओला देठ मनगटावर जोर लावून चोळला. वाफ्याच्या कडेचं, सावलीतलं, चांगलंच खाजरं अळू. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "खाजतंय?"

"खाजतंय."

"म्हंजे खरं बोलता येतंय तुमाला," असं म्हणून त्या गेल्या.

दोन वर्षांनी त्या कामथडीलाच वारल्या. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

माझी बदली आता शिवऱ्याला झालीय. गेल्या महिन्यात शाळेच्या कामासाठी पालीला गेलो. पडवीच्या जागी स्लॅबची इमारत झालीय आणि दारावर काकींचा भलामोठा फोटो आहे, कुणा गिर्यारोहकानं पूर्वी काढलेला. खाली लिहिलंय, 'काकींच्या हातच्या प्रसिद्ध कोबीवड्या'. फोटोत काकींचा डावा हात मांडीवर आहे. नुकतं पान चोळून त्या वाट बघत बसल्या आहेत.

पुतण्यानं आग्रहाने बसवलं आणि गरम वड्या वाढल्या. "काकींची लई आठवन येती वं गुरुजी," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि ताट संपवलं. वड्या चांगल्या झाल्या होत्या. घशाला काहीसुद्धा झालं नाही.