फोन झाका, ती आली

आमच्या बचत गटानं नेरला, तालुक्याच्या गावी झालेल्या प्रशिक्षणाला मला पाठवलं, कारण चौथी शिकलेली मीच होते आणि गल्लीतल्या बायांच्या फोनवरचं मीच वाचून देत असे. फोनवरून लोकांना कसं फसवतात ते तिथे शिकवलं. परत आल्यावर गटानं ठरवलं, आता सगळ्यांच्या फोनची जबाबदारी माझी. चार बायांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सुचत नाहीत. पण नाही म्हणायलाही बोलावंच लागतं, म्हणून गप्प राहिले.

मग मी नियम सांगत सुटले. मेसेजमध्ये आलेले ओटीपीचे आकडे कोणाला सांगू नका, अनोळखी काही दाबू नका. कोणी चुकली की रागवायचे. महिनाभरात बायांनी माझ्याकडे फोन आणणंच सोडलं. बैठकीला गेले की शेजारीण म्हणायची, "फोन झाका वं, पोलिसीन आली." सगळ्या हसायच्या. मला भीती वाटायची, कोणाचं काही बिघडलं तर मला सगळ्यांत शेवटी कळेल.

एका बैठकीत मी खाली बघत माझीच गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी एका म्हातारीच्या फोनवर कोणी माणूस आलेले आकडे विचारत होता. तिला वाचता येत नाही. तिनं चालू फोन माझ्यापुढे धरला आणि मी नेहमीसारखे मोठ्यानं वाचले. तिच्या खात्यातले पैसे गेले. आकडे कोणी वाचले ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.



"म्हंजे तुह्याकडूनबी झालं तं," शेजारीण म्हणाली.

"झालं."

दुसऱ्या दिवशी, गावात बँकेचं काम पाहणाऱ्या भाऊकडे गेले. असं झालं तर बायांनी तुमच्याकडे यावं का, विचारलं. तो म्हणाला, "या ना ताई. पण दुसऱ्या दिवशी नका येऊ, त्याच घटकेला या."

परवा शेजारीण धापा टाकत आली. "फोनवर आलेली लग्नपत्रिका समजून दाबलं वं! आता फोन आपल्या मनानं सगळ्यायले तेच मेसेज पाठवून राह्यला. कापसाचे पैसे कालच जमा झाले, घरी काय सांगू?"

"कवा दाबलं?"

"आत्ताच. थेट तुह्याकडंच आली."

मी रागावले नाही. फोन बंद केला आणि तिला घेऊन भाऊकडे गेले. त्यानं स्वतःच्या फोनवरून बँकेला सांगून तिचं खातं थांबवलं. मग म्हणाला, "पैसे जागच्या जागी हायेत."

तिनं पायरीवरच बसकण मारली. मीही तिच्याशेजारी टेकले.

"घरी तू सांगतं का मी?" तिनं विचारलं.

"तू सांग. मी संगं हाये."

तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं खिशातून आपला फोन काढून माझ्यापुढे धरला. "वहिनी, हे पाहा बरं. मलेबी आली ते पत्रिका. अजून उघडली नाही."